आठ बाय दहाचं स्वयंपाकघर स्वतः नव्यानं करताना: मोरीच्या तोंडापासून कपाटापर्यंत

स्वयंपाकघराचं काम बहुतेक घरांत टाइल्सच्या दुकानातून सुरू होतं. रंग ठरतो, ग्रॅनाइट ठरतं, कपाटांचा कॅटलॉग घरी येतो आणि मग लक्षात येतं की सिंक हवं तिथे सांडपाणी जात नाही. खरी सुरुवात मोरीच्या तोंडापासून करायची. भिंतीआड आणि फरशीखाली जे जाणार आहे ते आधी. डोळ्यांना दिसणारं सगळं नंतर. हा क्रम चुकला की नवी टाइल पंधरा दिवसांत फोडावी लागते.

पुढची सगळी मापं आठ फूट बाय दहा फुटांच्या खोलीची आहेत. सुदामानगर, लोकमान्य नगर, टिळक नगर अशा इंदूरच्या जुन्या वस्त्यांतल्या घरांत स्वयंपाकघर साधारण एवढंच निघतं. ओटा एल आकाराचा धरला आहे: एका भिंतीला ८ फूट, दुसरीला ६ फूट.

हलणार काय आणि काय नाही

सिंकच्या पाइपला फुटामागे दोन सूत, म्हणजे पाव इंच उतार लागतो. सिंक सहा फूट सरकवलं की दीड इंच उतार आला. दोन इंची पाइप, वर फरशीचा मसाला, शिवाय हा दीड इंच. जुन्या फरशीखाली एवढी जागा बहुधा नसते. मग मिस्त्री उतार मारतो, म्हणजे उतार देतच नाही. थंडीत तूप आणि तेल त्या सपाट पाइपात थिजतं आणि जानेवारीत सिंक तुंबतं. म्हणून सिंक जुन्या जागेपासून दोन-तीन फुटांच्या आतच ठेवा. हलवायचंच असेल तर पाइप फरशीत पुरू नका. ओट्याखाली भिंतीलगत उघडा न्या, पुढे कपाट येतंच. काटकोनी एल्बो एकही नको. वळणाला ४५ अंशांचे दोन बेंड लावा आणि एका टोकाला साफ करायचं झाकण ठेवा.

दुसरी न हलणारी गोष्ट गॅस. शहरात पाइपचा गॅस अवंतिका गॅस पुरवते. तुमच्याकडे तो असेल तर मीटर, व्हॉल्व्ह आणि लाइन कंपनीच्या माणसाकडूनच हलवायची, आणि काम सुरू व्हायच्या आधी. व्हॉल्व्ह कपाटाच्या मागच्या फळीआड गेला तर आणीबाणीत हात पोहोचणार नाही.

सिलिंडर असेल तर जागेचा हिशेब वेगळा. १४.२ किलोच्या सिलिंडरला रेग्युलेटरसकट साधारण ७० सेंमी उंची आणि ३५ सेंमी रुंदी मोकळी लागते. तो उभाच आणि शेगडीपेक्षा खालीच हवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून त्या खणाला दार नको. लावायचंच असेल तर तळाशी मोठ्या जाळ्या हव्यात. पाइपचा गॅस उलट हलका असतो, छताकडे जातो, त्यामुळे त्याला वरची खिडकी किंवा झरोका लागतो. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतलेल्या घरांत खालची जाळी तशीच राहते आणि वरचा झरोका जाहिरातीतल्यासारख्या कपाटांनी बुजतो. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. ती ग्रॅनाइटच्या भोकातून येत असेल तर भोकाला पाइपचा तुकडा बसवा, नाहीतर दगडाची धार नळी कापते.

माप शरीराचं, कॅटलॉगचं नव्हे

घरात जास्त स्वयंपाक कोण करतं त्या व्यक्तीनं सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं. त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३२ ते ३४ इंच. दुकानातल्या सरसकट ३४ वर विश्वास ठेवू नका. तपासायची पद्धत सोपी आहे: टेबलावर विटा किंवा जाड पुस्तकं रचून तेवढी उंची करा, वर परात ठेवून कणीक मळा आणि पोळपाट ठेवून चार पोळ्या लाटा. खांदे वर चढत असतील तर इंचभर कमी करा.

शेगडी स्वतःच चार इंच उंच असते, वर कढई. त्यामुळे शेगडीचा भाग ३-४ इंच खाली घेतलात तर मनगट मोकळं राहतं. पण तिथे पायरी येते, आणि ओटा एका हातानं पुसता येत नाही. सहा फुटांची बाजू पूर्ण शेगडीला दिली असेल तरच हे करा.

मग खडू घ्या आणि जुन्याच फरशीवर नवं स्वयंपाकघर आखा. ओट्याची खोली २४ इंच. त्याच्यापुढे चालायला किमान ३ फूट, दोघं काम करत असतील तर साडेतीन. फ्रिजचं आणि कपाटांची दारं उघडी आखा. ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंत २४ इंच; वरचं कपाट १२ ते १४ इंच खोल. त्यापेक्षा खोल केलंत तर कपाळ आपटतं. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच. दोन दिवस त्या खडूच्या रेघांत वावरा. रेघ पुसून पुन्हा मारायला काही लागत नाही.

कधी काढायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ‘गौरी-गणपतीच्या आधी आटपू’ म्हणून जुलैत काम काढू नका. पावसात प्लाय फुगतो, गिलावा सुकत नाही, आणि नैवेद्याचा स्वयंपाक शेवटी गॅलरीत होतो. एप्रिल-मे मध्ये उलटी अडचण: माळव्याच्या कोरड्या उन्हात सिमेंट आणि टाइलचा चिकटा पाणी सोडून लवकर कोरडा पडतो, पकड येत नाही, आणि क्युरिंगला, म्हणजे सिमेंट ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायला, लागणारं पाणीही तेव्हाच कमी.

एकूण २४ दिवस धरा. तोडफोड १, झिऱ्या (पाइप-वायरसाठी भिंतीत पाडायच्या खाचा) आणि पाइप-वायरिंग ३, पाण्याची चाचणी १, गिलावा आणि क्युरिंग ७, ओटा २, भिंतीच्या टाइल्स २, फरशी २, रंग २, कपाटं ४. क्युरिंगचे सात दिवस सगळ्यांनाच वाया जाणारे वाटतात. त्यातच लोक घाई करतात. तेवढे दिवस चालेल अशी तात्पुरती शेगडी आणि पाण्याचं पिंप बाहेरच्या खोलीत मांडूनच पहिला हातोडा मारा.

स्वतः काय करायचं? मोजमाप, तोडफोड, भिंतीच्या टाइल्स, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांतलं भरण), रंग, कपाटांची जोडणी, सिंक आणि नळ. गॅस अर्थातच नाही. मेन बोर्डाचं काम लायसेन्स असलेल्या वायरमनकडून, ग्रॅनाइट कापणं दगडवाल्याकडून. कुठलीही भिंत पाडण्याआधी इंजिनीअरला दाखवा. राजवाड्याच्या आसपासच्या लाकूड-विटांच्या जुन्या घरांत तर नक्कीच.

हत्यारं आणि हार्डवेअर सियागंजला, विजेचं सामान महाराणी रोडला. दुकानात आणि मिस्त्रीशी बोलताना ओळंबा (उभी रेघ तपासायचं दोरीचं वजन) ‘साहुल’ होतो आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) ‘गुनिया’. माप मात्र दोन्ही भाषांत सुतातच चालतं. एक इंच म्हणजे आठ सूत.

तोडफोड

आधी त्या खोलीचे एमसीबी (बोर्डातले जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच) बंद करा आणि प्रत्येक पॉइंट टेस्टरनं तपासा. जुन्या घरात स्वयंपाकघराची एखादी वायर हॉलच्या सर्किटवर निघते. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. ड्रेनेजच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट कोंबा, नाहीतर टाइलचा तुकडा आत जातो आणि पुढे महिनोन्महिने त्रास देतो. गॉगल, धुळीचा चांगला मास्क, जाड हातमोजे. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, कोणी ‘अडचण होते’ म्हणालं तरी.

टाइल वरून खाली काढा. छिन्नी तिरपी धरा. गिलावा ठोकून ऐका. पोकळ वाजेल तेवढा सगळा काढायचा. मलबा रोजच्या कचरागाडीत चालत नाही; पोत्यांत भरून ठेवा आणि महापालिकेच्या ३११ ॲपवरून उचलायची विनंती नोंदवा. रस्त्याकडेला टाकलात तर दंड.

या टप्प्यावर भेगा दिसतील. इंदूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तळमजल्याची घरं तिच्याबरोबर हलतात. केसाएवढी भेग व्ही आकारात खोदून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरा, वर फायबरची जाळी लावून गिलावा करा. भेग तिरपी जात असेल आणि दोन सुतांहून रुंद असेल, तर टाइल लावून झाकू नका. वर्षभरात टाइलही त्याच रेषेत तडकते.

पाणी

बऱ्याच घरांत दोन पाणी असतात: नर्मदेचं आणि बोअरचं. नर्मदेची लाइन पिण्यासाठी आणि आरओसाठी वेगळी आणा, बोअरची सिंकच्या नळाला. दोन्ही एकमेकींना जोडू नका. जोडायच्याच असतील तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) हवाच, नाहीतर बोअरचं पाणी नर्मदेच्या टाकीत जातं. बोअरचं जड पाणी नळाच्या जाळीत पांढरे खडे करतं, म्हणून फिरवून काढता येईल अशा जाळीचा नळ घ्या.

आत सीपीव्हीसी पाइप, मुख्य पाऊण इंची आणि नळाकडे अर्धा इंची. पाइप काटकोनात कापा, कड घासा, सोल्व्हंट दोन्ही बाजूंना लावा, घालताना पाव फेरा फिरवा आणि तीस सेकंद दाबून धरा. सोडलंत तर पाइप हळूच मागे सरकतो, आणि गळती नेमकी तिथेच होते. नळाच्या जागी पितळी आट्याचा एल्बो, साधा प्लास्टिकचा नको. नळ आवळताना तोच फुटतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं आठ-दहा फेरे.

चोवीस तासांनी चाचणी. छतावरच्या टाकीचं पाणी सोडून ‘गळत नाही’ असं ठरवू नका. दहा फूट उंचीचा दाब जेमतेम ०.३ किलो प्रति चौरस सेंमी असतो. पुढे प्रेशर पंप बसवलात तर तो कितीतरी वाढतो. प्लंबरकडून हाताचा टेस्टिंग पंप आणून ६ किलोपर्यंत दाब द्या आणि काटा रात्रभर स्थिर राहतो का पाहा. मग झिरी बुजवा. त्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. कपाटाचं भोक पाडताना तोच नकाशा.

वीज

२००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवली की सॉकेट वितळतं. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह वेगवेगळ्या सर्किटांवर, प्रत्येकी १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी. दिव्यांना १.५ ची वायर पुरते. या सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. अर्थिंग नसेल तर आधी ते. सॉकेट ओट्यापासून ८ इंच वर, सिंक आणि शेगडीपासून निदान दोन फूट बाजूला. मिक्सर, आरओ, चिमणी, फ्रिज मोजा आणि दोन पॉइंट जास्त ठेवा.

एक्झॉस्टचा हिशेबही इथेच. खोली दहा फूट उंच धरली तर ८०० घनफूट. फोडणीच्या स्वयंपाकाला तासाला १५ ते २० वेळा हवा बदलायला हवी, म्हणजे ताशी साधारण ३४० ते ४५० घनमीटर. नऊ इंची पंख्याच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो, तो बघून घ्या. पंखा दरवाजासमोरच्या भिंतीत हवा. दरवाजाशेजारी बसवलात तर तीच हवा फिरते. चिमणी घेणार असाल तर सहा इंची पाइप सरळ बाहेर. प्रत्येक वळण ओढ कमी करतं.

ओटा

लहान खोलीत विटांचे आधार घेऊ नका. चार इंची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा धरून पाच इंच होते. अडीच फुटांवर एक याप्रमाणे सहा आधार म्हणजे ३० इंच जागा विटांनी खाल्ली. तेच सव्वा इंची कडप्प्याच्या उभ्या फळ्या लावल्या तर साडेसात इंच. साडेबावीस इंच वाचतात, म्हणजे एक आख्खी ट्रॉली. फळी भिंतीत दीड इंच आणि फरशीत एक इंच रुतवायची, गुण्या-ओळंब्यानं तपासायची.

वर ग्रॅनाइट, १८ ते २० मिमी. कोटा जवळ मिळतो आणि स्वस्तही, पण तो चुनखडीचा दगड; लिंबू, चिंच, व्हिनेगर पडलं की डाग कोरला जातो. रोज पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या शहरात कोटा खाली फरशीलाच बरा. एलचा कोपरा दोनदा मोजू नका: ८ × २ अधिक ४ × २, म्हणजे २४ चौरस फूट. पुढे एक इंच बाहेर काढा आणि खालच्या बाजूनं काठापासून अर्ध्या इंचावर पाण्याची खाच मारून घ्या. ती नसेल तर ओट्यावरचं पाणी दगडाच्या पोटावरून थेट कपाटात जातं. ओट्याला सिंककडे एक-दोन सूत उतार द्या, भिंतीकडे कधीच नाही. दोन दगडांचा जोड सिंकच्या कापापासून निदान सहा इंच दूर. कापाच्या पुढे अडीच-तीन इंच दगड राहिला पाहिजे, नाहीतर नेतानाच तुटतो. सिंक ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं, २४ × १८ इंच, ९ इंच खोल; ते आधी आणा, आणि दगडवाल्याला कागदावरचं माप न देता सिंकच द्या.

टाइल्स

ओट्यावर दोन फूट उंच पट्टा: १४ रनिंग फूट × २, म्हणजे २८ चौरस फूट. १२ × १८ इंची टाइल आडवी लावली तर उंचीला बरोबर दोन ओळी. सहा फुटांच्या भिंतीवर ओळीला चार अख्ख्या. आठ फुटांवर पाच अख्ख्या आणि सहा इंचांचा तुकडा येतो. तो कोपऱ्यात वाईट दिसतो. त्याऐवजी मधे चार अख्ख्या आणि दोन्ही टोकांना बारा-बारा इंच. म्हणजे १२ आणि ८ मिळून वीस, तीन-चार जास्त. खोक्यात सहा असतील तर चार खोकी, सगळ्यांवर एकच बॅच नंबर. ओटा सोडून फरशी ५६ चौरस फूट उरते: दोन बाय दोनच्या चौदा, तुटफुटीसह सोळा. फरशीला खरखरीतच घ्या, तेल सांडतं.

पुट्टी किंवा रंगावर चिकटा लावायचा नाही. तो टाइलला धरतो, पुट्टी भिंतीला धरत नाही. रंग खरवडा, गिलाव्याला टाचे मारा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा. २० किलोच्या पिशवीत ३ मिमी थरानं सुमारे ४५ चौरस फूट निघतात. भिंतीला एक पिशवी पुरते. फरशीचा थर दुप्पट जाड असतो, तिथे तीन धरा. पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी, पाच मिनिटं थांबून पुन्हा घोटा. सिमेंटवर लावायची सिरॅमिक टाइल भिजवतात. चिकट्यावर लावायची भिजवायची नाही. जुन्या मिस्त्रींची ही सवय मोडायला जरा वाद होतो.

सहा मिमी दाती थापीनं एका वेळी तीन-चार टाइल्सपुरताच चिकटा पसरा. बोटाला लागत नसेल तर साय धरली; खरवडून पुन्हा लावा. पाचवी-सहावी टाइल लावून झाली की एक उचलून पाठ बघा. कोपरे कोरडे असतील तर तिथेच ती नंतर पोकळ वाजणार आणि कुकर आपटला की फुटणार.

खालची ओळ ग्रॅनाइटवर थेट टेकवू नका. ३ मिमीचा स्पेसर ठेवा आणि ती फट ग्राउटऐवजी सिलिकॉननं भरा. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात. ग्राउट तडकतं, पाणी मागून कपाटात झिरपतं. बाकी सांध्यांना शेगडी आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउटच हवं, साध्या ग्राउटवरची हळद जात नाही. एवढ्या पट्ट्याला एक किलोचं किट पुरून उरतं. थोडं थोडं मिसळा आणि ओल्या स्पंजनं लगेच पुसा. टाइलवर वाळलेलं इपॉक्सी घासून निघत नाही.

कपाटं

सिंकखालचं कपाट आयएस ७१० शिक्क्याच्या प्लायचं, बाकीची आयएस ३०३ च्या बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायची चालतील. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) सिंकखाली नको. बाजू १८ मिमी, पाठ ६ मिमी. कापलेली प्रत्येक कड, विशेषतः पाइपच्या भोकांच्या आतली, एज-बँड किंवा वॉटरप्रूफ रंगानं बंद करा. प्लाय तिथूनच पाणी पितो. खाली चार इंची पाय आणि पुढे तीन इंच आत घेतलेली पट्टी, म्हणजे ओट्याला चिकटून उभं राहता येतं.

सिंकच्या खणात बादल्यांची जागा आधी मोजा. इंदूरच्या गाडीत सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो. ओला आणि सुका रोज हाताशी लागतो, प्लास्टिक त्यांच्या मागे. बाकीच्यांना दाराच्या आतल्या बाजूला पिशव्यांचे हूक पुरतात. आरओचं टाकाऊ पाणी सिंकच्या ट्रॅपच्या (पाइपातल्या पाणी साचून राहणाऱ्या वळणाच्या) वर सोडा, खाली सोडलंत तर गटाराचा वास नळीतून वर येतो.

सिंकच्या कडेला सिलिकॉन लावून चोवीस तास पाणी सोडू नका. मग सिंक काठोकाठ भरा आणि एकदम मोकळं करा. संथ धारेत न दिसणारी गळती या लोंढ्यात दिसते. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. पहिला आठवडाभर सिंकच्या खणात वर्तमानपत्र अंथरून ठेवा आणि रोज रात्री हात फिरवा. कागद ओला लागला तर ट्रॅपची चकती हातानं पाव फेरा आवळा, पान्यानं नाही.